स्विफ्टचे टायर: १४ वरून १६ इंच, आणि मग १५

१४ ऑक्टोबर २०२३

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१८ ची. रोज पुण्यात ऑफिस, अधूनमधून कराडला घरी, सुट्टी मिळाली की कोकण. टायर कंपनीनेच दिलेले, १६५/८० आर१४, लोखंडी रिमवर. पाच वर्षांत रबर कडक झालंय आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पकड सुटते. टायर बदलायला झालेच आहेत, तर त्याबरोबर रिम मोठी आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कमी उंचीची करून बघायची, असं ठरवलंय.

दिसायला गाडी छान होईल हे आहेच, पण खरी तक्रार वळणाची आहे. खंबाटकी घाटात स्टिअरिंग वळवलं की आधी टायर बाजूला दबतो आणि मग गाडी वळते. मधला तो क्षण मला नको आहे.

लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या साइडवॉलच्या टायरबद्दल बहुतेक जण पहिल्या आठवड्यात लिहितात, फोटोसकट. पुढच्या पावसाळ्यात त्या टायरांचं काय झालं हे क्वचितच वाचायला मिळतं. म्हणून या नोंदी वर्षभर ठेवणार आहे.

बदलण्याआधीची मापं:
जमिनीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी चाकांवर उभी असताना: ९५ मिमी.
एका चाकाचं वजन, रिम आणि टायर मिळून: १३.४ किलो (गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर).
अ‍ॅव्हरेज, टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर: १९.४.
मीटरवर ८० असताना फोनच्या जीपीएसवर ७५.
टायरची नक्षी शिल्लक: ३ मिमी.

२१ ऑक्टोबर २०२३

आकार ठरवला. टायरवर १९५/५५ आर१६ असं लिहिलेलं असतं त्यातले ५५ म्हणजे मिलिमीटर नव्हेत, रुंदीच्या ५५ टक्के. म्हणून साइडवॉलची उंची काढताना गुणाकार करावाच लागतो. माझ्या जुन्या टायरची साइडवॉल १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. रिमचे १४ इंच आणि दोन्ही बाजूंच्या साइडवॉल धरून चाकाचा व्यास ६१९.६ मिमी.

नवीन चाकाचा व्यास याच्या जवळपास राहिला पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. पर्याय असे होते:

१८५/६५ आर१५: साइडवॉल १२० मिमी, व्यास ६२१.५. स्विफ्टच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनी हाच देते.
१९५/५५ आर१६: साइडवॉल १०७ मिमी, व्यास ६२०.९.
१९५/५० आर१६: साइडवॉल ९७.५ मिमी, व्यास ६०१.४.

दुकानात तिसरा सर्वांत स्वस्त पडत होता आणि "सगळे हाच टाकतात" असं सांगितलं गेलं. तो घेतला असता तर व्यास जवळजवळ ३ टक्क्यांनी घटला असता. मीटर खऱ्यापेक्षा आणखी जास्त वेग दाखवणार, त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार आणि गाडी ९ मिमी खाली बसणार. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स आधीच १६३ मिमी आहे. आपल्याकडच्या गतिरोधकांना ९ मिमी म्हणजे पुष्कळ झाले.

१९५/५५ आर१६ घेतोय. दुसरी तपासणी वजनाची. जुन्या टायरवर ८५टी आहे, म्हणजे एका टायरला ५१५ किलो भार आणि १९० चा वेग. नव्यावर ८७व्ही, म्हणजे ५४५ किलो आणि २४०. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असेल तर तो टायर कितीही भारी कंपनीचा असला तरी घेऊ नका.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जो आकार देते तो सगळ्यांत निर्धोक, म्हणजे इथे १५ इंची. सोळा इंचाला तो आधार नाही. भारताबाहेर सुझुकीने स्विफ्टला १८५/५५ आर१६ दिले आहेत आणि स्विफ्ट स्पोर्टला तर १९५/४५ आर१७. गाडीचा सांगाडा हे आकार पेलतो, एवढं त्यावरून कळतं. तिथले रस्ते मात्र आपल्या वाट्याला आलेले नाहीत.

५ नोव्हेंबर २०२३

रिमच्या शोधात अख्खा आठवडा गेला. स्विफ्टला चार नटांची, १०० मिमी पीसीडीची (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) रिम लागते. ती सगळीकडे मिळते, त्यामुळे दुकानदार तेवढंच बघून "बसते" म्हणतो. खरी अडचण रुंदी आणि ऑफसेटची असते. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून गाडीला टेकणारी बाजू किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. हा आकडा कमी असेल तितकं चाक बाहेर येतं.

पहिल्या दुकानात १६ इंची, ६.५ जे (म्हणजे साडेसहा इंच) रुंदीची, ३५ ऑफसेटची रिम दाखवली. पैसे देण्याआधी एका रिमवर टायर चढवून पुढच्या डाव्या बाजूला लावून बघायचा आग्रह धरला. दुकानदार कुरकुरला, पण तयार झाला. मडगार्डाच्या कडेला सरळ पट्टी लावली तर टायरचा खांदा पट्टीच्या बाहेर येत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी रिव्हर्स घेतल्यावर खर्र असा आवाज. टॉर्च लावून आत पाहिलं तर चाकामागच्या प्लॅस्टिकच्या लाइनरवर बोटभर लांबीची चकचकीत रेघ उमटलेली. "थोडं कापून देतो" असं दुकानातून सांगण्यात आलं. कापायचं नव्हतं, तिथून निघालो.

दुसरीकडे ६ जे रुंदीची, ४५ ऑफसेटची मिळाली. पट्टीच्या आत बसली, पूर्ण वळणावर कुठे घासली नाही. चारचा संच २९,५०० रुपये.

रिमचं चित्र दाखवून ऑर्डर देणाऱ्यांना एवढंच सांगेन की एक चाक लावून, पूर्ण डावं, पूर्ण उजवं आणि मागच्या सीटवर तीन माणसं बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१० नोव्हेंबर २०२३

टायर चढले. एक ७,१०० ला, चारचे २८,४००. बसवणं, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट मिळून १,४००. टायर घेताना साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, टायर कधी बनला ते त्यातून कळतं. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मला दाखवलेल्या चारपैकी एक टायर बाकीच्यांपेक्षा वर्षभर जुना निघाला, तो बदलून घेतला. दिवाळीच्या गर्दीत हे कुणी आपणहून सांगत नाही.

नवी मापं: जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंत ७४ मिमी, आधी ९५ होते. चाकाचं वजन १६.५ किलो. म्हणजे दर चाकामागे ३.१ किलो वाढले. अलॉय (अ‍ॅल्युमिनियमची रिम) हलकी असते असं सरसकट म्हणतात, पण बाजारातली ओतीव १६ इंची रिम आणि रुंद टायर मिळून १४ इंची लोखंडी चाकापेक्षा जड भरतात. काट्यावर ठेवून बघा.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. नव्या रिममधली नटांची भोकं अरुंद आहेत आणि गाडीसोबत आलेला पान्हा आत जातच नाही. १९ मिमीचा पातळ भिंतीचा सॉकेट आणि लांब दांडा घेऊन डिकीत टाकला, ३५० रुपये. जुन्या चार टायरांचे २,००० आले. लोखंडी रिमा ठेवून दिल्या. स्टेपनी तशीच १६५/८० आर१४. व्यासात जेमतेम सव्वा मिलिमीटरचा फरक असल्याने तात्पुरती चालेल.

१३ नोव्हेंबर २०२३

पाडव्याच्या आदल्या दिवशी कराडला निघालो. गाडीत आम्ही पाच जण आणि सामान. ८० पर्यंत ठीक, ८५ ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, ९५ च्या पुढे पुन्हा शांत. साताऱ्यात एकाने बॅलन्सिंग पुन्हा करून दिलं, ४०० रुपये घेतले, फरक शून्य.

१८ नोव्हेंबर २०२३

थरथरीचं कारण सापडलं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला गोल ५४.१ मिमीचा आहे. बाजारातल्या रिमचं मधलं भोक अनेक गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं, माझ्या रिमचं ७३.१ मिमी. मधली फट भरायला प्लॅस्टिकच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा येतात. त्या रिमसोबत आल्याच नव्हत्या. मग चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर बसतं, आणि जॅकवर असताना एक नट आधी पूर्ण आवळला की चाक केसभर एका बाजूला राहतं. मशीनवर बॅलन्सिंग कितीही अचूक केलं तरी गाडीवर चाक मध्य सोडूनच फिरणार.

अ‍ॅल्युमिनियमच्या चार रिंगा ६०० रुपयांना मागवल्या. बाहेरचा व्यास ७३.१, आतला ५४.१. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, रिंग हाताने दाबून बसवली, चाक लावलं, समोरासमोरचे नट आडव्या क्रमाने आधी हलके आवळले. गाडी खाली उतरवून मग टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. थरथर पूर्ण गेली. शंभरेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा. माझे दोन नट तेव्हा आणखी थोडे आवळले गेले.

यात एक आठवडा गेला आणि बॅलन्सिंगचे पैसे वाया गेले. रिम घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न "रिंगा कुठे आहेत" हाच विचारायचा.

३ डिसेंबर २०२३

आता चालवण्याबद्दल. जे हवं होतं ते मिळालं. खंबाटकीत स्टिअरिंग वळवलं की गाडी वळते. मधली ती पोकळी राहिली नाही. लेन बदलताना गाडीचा मागचा भाग उशिरा आल्यासारखा वाटत नाही. कोरड्या रस्त्यावर ब्रेकचा विश्वास खूप वाढलाय.

जे नको होतं तेही आलं. एक्स्प्रेस वेच्या काँक्रीटवर १०० च्या वेगाला टायरचा घुमारा इतका वाढला की मागे बसलेल्या आईशी बोलताना आवाज चढवावा लागतो. काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यावर चाक आलं की स्टिअरिंग त्या सांध्यामागे जायला बघतं, दोन्ही हात लागतात. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जरासं जड झालंय.

आणि खड्डे. मोठ्या उंचवट्यावर फारसा फरक नाही, तो धक्का स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर घेतात. फरक बारीक, धारदार गोष्टींत आहे. पेव्हर ब्लॉकची कड, ड्रेनेजचं झाकण, पुलाचा जोड. या गोष्टी पूर्वी टायरच गिळायचा, आता त्या ठक्क करून सीटपर्यंत येतात. आईचं म्हणणं थेट होतं: "गाडी नवी केलीस की जुनी?"

२८ जानेवारी २०२४

अ‍ॅव्हरेज १८.१. आधी १९.४ होतं. वरवर बघता जवळजवळ ७ टक्के घट. पण हा आकडा तसाच घेऊ नका.

माझ्या जुन्या टायरची नक्षी झिजून ३ मिमीवर आली होती, नवीन टायरला ८ असते. दोन्ही बाजू धरून जुन्या चाकाचा खरा व्यास कागदावरच्यापेक्षा १० मिमी कमी झाला होता, साधारण ६०९.६. नवं चाक ६२०.९. म्हणजे नवं चाक एका फेरीत १.८५ टक्के जास्त अंतर कापतं आणि ओडोमीटर तेवढं अंतर मोजतच नाही. ती दुरुस्ती केली तर १८.१ चे १८.४ होतात. खरी घट ५ टक्क्यांच्या आसपास. मीटरवर ८० असताना जीपीएस आता ७५ ऐवजी ७६ ते ७७ दाखवतो, तेही याच कारणाने.

झीज आणि नवेपणा यांतला फरक दोन आकारांमधल्या कागदी फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. "टायर बदलले आणि अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं अ‍ॅव्हरेज थोडं पडलेलं असतं आणि थोडं फक्त मोजणीत हरवलेलं असतं.

उरलेल्या ५ टक्क्यांत जड चाक आहे आणि रुंद टायर आहे. सिग्नलवरून सुटताना जडपणा पायाला कळतो.

१७ मार्च २०२४

हवेचा दाब स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा २ पीएसआय जास्त ठेवतोय आणि दर रविवारी थंड टायरवर तपासतोय. उंच टायरमध्ये दाब थोडा उतरला तरी निभावतं, कारण आत हवा जास्त असते आणि रिम जमिनीपासून लांब असते. इथे निभावत नाही. पंपावरच्या मीटरवर भरवसा नाही, पाचशे रुपयांचा गेज घेतला.

३० जून २०२४

टायर गेला.

माणगावला जाताना ताम्हिणीत, मुळशी ओलांडल्यावर पावसात पाण्याने भरलेला खड्डा. वेग ५० च्या आत. समोरून बस येत होती, बाजूला जायला जागा नव्हती. पुढचं डावं चाक आत गेलं आणि लोखंडावर दगड मारल्यासारखा आवाज आला. दोनेक किलोमीटर पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा, आणि टायर व रिमच्या मधून पाण्याचे बुडबुडे येत होते.

स्टेपनी लावली. डिकीतला पातळ सॉकेट नसता तर चाक सुटलंच नसतं, १० नोव्हेंबरच्या नोंदीतला तो खर्च टाळू नका. आणखी एक अडचण तिथेच कळली. काढलेलं १९५ चं चाक स्टेपनीच्या खळग्यात बसत नाही, तो १६५ साठी केलेला आहे. ओलं चिखलाचं चाक पिशव्यांवर ठेवून आणावं लागलं. परत येताना वेग ६० च्या वर नेला नाही. एका बाजूला अरुंद टायर असताना ओल्या घाटात ब्रेकवर गाडी सरळ राहील याची खात्री देता येत नाही.

२ जुलै २०२४

टायरवाल्या काकांनी टायर रिमवरून काढला आणि आतून उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला साइडवॉलवर एकमेकांना समांतर दोन रेघा, बोटाने चाचपल्या तर रबराखाली धागे तुटलेले जाणवतात. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटीत सापडला की हे होतं. धागे तुटले की त्या जागी हवेला अडवायला फक्त रबर उरतं, म्हणून फुगा येतो. "दादा, याला पॅच नाही, याच्यावर एक किलोमीटरही जाऊ नका," काका म्हणाले. साइडवॉलचा फुगा दुरुस्त होत नाही. कुणी करून देतो म्हणालं तरी करू नका.

रिमची आतली कड साधारण ४ मिमी आत गेली होती. तडा नव्हता. मशीनवर सरळ करून घेतली, १,२०० रुपये. तडा असता तर वेल्डिंग करून वापरली नसती, ओतीव अलॉय जोडावरून कधी सुटेल सांगता येत नाही. लोखंडी रिम अशा वेळी दबते आणि हातोड्याने सरळ होते. तिचा हा गुण आपण विसरलोय.

विम्याचं: नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. बाहेरून बसवलेल्या रिमा पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवलेल्या नसतील तर त्यांचंही काही मिळत नाही. टायर प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर येतं. लो प्रोफाइल टाकणार असाल तर नूतनीकरणाच्या वेळी त्याचा विचार करा आणि त्यातल्या अटी वाचा.

हाच खड्डा १४ इंची टायरने खाल्ला असता का? कदाचित. जमिनीपासून रिमपर्यंत ९५ मिमी आणि ७४ मिमी यांत २१ मिमी आहेत, आणि त्या चिमटीला नेमकी तेवढीच जागा कमी पडली असं मला टायरच्या आतल्या त्या रेघा बघून वाटतं.

१३ जुलै २०२४

आता जुन्या १४ इंची लोखंडी रिमांवर मित्राकडचे वापरलेले टायर चढवून चालवतोय. एक नवा १६ इंची टायर घेऊन पुढे जायचं की थांबायचं, यावर बराच विचार केला. घाटातली ती सरळ, तत्पर गाडी मला खरंच आवडली आहे. पण जूनमध्ये जे झालं ते रात्री, घरचे सोबत असताना झालं असतं तर, हा विचार सुटत नाही.

दुसरा विचार जास्त महत्त्वाचा वाटतो. गेले काही महिने मी नव्या सोळा इंचीची तुलना पाच वर्षांच्या कडक, झिजलेल्या चौदा इंचीशी करत आलोय. त्यात बुटक्या साइडवॉलचं श्रेय किती, नव्या रबराचं किती आणि रुंदीचं किती, हे वेगळं झालेलंच नाही. ते वेगळं करायचं तर मधला आकार नव्या टायरसह लावून बघायला हवा. झेडएक्सआयचा १८५/६५ आर१५ हाच तो मधला आकार. टायरही त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा घेणार, म्हणजे फरक फक्त आकाराचा राहील.

१० ऑगस्ट २०२४

झेडएक्सआयच्या मूळ १५ इंची अलॉय, वापरलेल्या, चारचा संच १४,००० ला मिळाला. घेताना प्रत्येक रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघितली, एक डुगडुगत होती ती बदलून घेतली. टायर एक ५,४०० प्रमाणे २१,६००. बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट १,२००. मधलं भोक ५४.१ चंच असल्याने रिंगांची भानगड नाही, आणि गाडीसोबतचा पान्हा आत जातो.

जमिनीपासून रिमपर्यंत ८५ मिमी. चाकाचं वजन १४.७ किलो.

८ सप्टेंबर २०२४

गणपतीला भरल्या गाडीने ताम्हिणीतूनच माणगावला उतरलो. खड्डे तसेच होते, काही नवे होते. एक चांगलाच बसला, आवाज झाला, थांबून चारही चाकं हाताने चाचपली. काही नाही.

सोळा आणि पंधरा यांतला फरक एकाच नक्षीच्या नव्या टायरवर असा आहे. ओल्या रस्त्यावरचा ब्रेक: मला फरक कळत नाही. म्हणजे ती सगळी सुधारणा नव्या रबराची आणि रुंदीची होती, बुटक्या साइडवॉलची नव्हे. साचलेल्या पाण्यातून जाताना १८५ उलट जास्त शांत वाटतो, १९५ चं चाक पाण्यावर लवकर तरंगायला लागायचं. वळणाची सुरुवात सोळाला जास्त तत्पर, यात वाद नाही. पण जुन्या चौदा इंचीच्या तुलनेत पंधरा इंचीही ती पोकळी जवळपास भरून काढतो. खंबाटकीत आता मी स्टिअरिंगची वाट बघत नाही. काँक्रीटच्या सांध्यांवर ओढ नाही. आवाज कमी. ड्रेनेजच्या झाकणांचा ठक्क पुन्हा मऊ झाला आणि आईने मागच्या सीटवर झोप काढली.

अ‍ॅव्हरेज मीटरप्रमाणे १८.९, झिजेची दुरुस्ती धरून १९.३ च्या आसपास. म्हणजे जुन्या टायरांच्या बरोबरीने.

तेव्हा स्विफ्टसारख्या गाडीला, महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर वर्षभर चालवायची असेल तर माझं मत पक्कं झालंय. चांगल्या दर्जाचा नवा टायर, रुंदी एक पायरी वर, रिम एक इंच वर, बस. दुसऱ्या इंचाने जे वाढवून मिळतं ते घाटातल्या काही वळणांपुरतं आहे आणि त्यासाठी साइडवॉलचे जे १३ मिमी द्यावे लागतात ते पावसाळ्यात लागतात. फक्त शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर आणि एक्स्प्रेस वेवर गाडी असणाऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

२९ सप्टेंबर २०२४

हिशेब. सोळा इंचीचा खर्च: रिम २९,५००, टायर २८,४००, बसवणं १,४००, रिंगा ६००, मिळून ५९,९००. नंतर रिम सरळ करायचे १,२००. पंधरा इंचीचा खर्च ३६,८००. आले: जुने टायर २,०००, सोळा इंची रिमांचा संच १७,०००, उरलेले तीन टायर १०,५००. निव्वळ गेले ६८,४००. सॉकेट, गेज आणि साताऱ्यातलं बॅलन्सिंग यात धरलेलं नाही. सरळ पंधरा इंची लावले असते तर ३४,८०० लागले असते. ३३,६०० जास्त गेले.

रिम घेणाऱ्याला कुठली रिम सरळ केली आहे ते दाखवलं आणि आतल्या बाजूला पेंटने खूण करून दिली. त्याची गाडी वेगळी आहे, हबचं माप विचारून त्याला नव्या रिंगा आधी मागवायला लावल्या.

स्टेपनी अजून १४ इंचीच आहे. झेडएक्सआयची एखादी पाचवी रिम मिळाली तर तीही १५ करणार, १८५ चं चाक खळग्यात बसतं का ते मोजून इथे लिहीन. टायरची अदलाबदल पुढच्या ८,००० किलोमीटरला, तेव्हा चारही टायरच्या नक्षीची मापं टाकतो.